रिसायटलच्या बारा दिवस आधी: वांद्र्याच्या मिसकडचे दीड तास

तेहतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, म्हणजे तेहतीस वर्षं वह्या तपासल्या. चूक दाखवणं सोपं असतं. कुठली चूक आज दाखवायची आणि कुठली दिवाळीच्या सुट्टीनंतर, हे ठरवणं अवघड असतं. हे आधीच सांगते, कारण पियानो ऐकून अभिप्राय देणाऱ्या वांद्र्याच्या या मिसबद्दल मी जे लिहिणार आहे त्याचं सगळं वजन याच एका गोष्टीवर आहे.

मी डोंबिवलीला राहते. लहानपणी पेटी शिकले होते, पियानो ५१ व्या वर्षी सुरू केला, आता ६३ वर्षांची आहे. घरी डिजिटल पियानो आहे, ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा; फ्लॅटमध्ये रात्री हेडफोन लावून वाजवता येतो म्हणून घेतलेला. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आमच्या पियानोच्या सरांच्या विद्यार्थ्यांचं रिसायटल (एकेकट्याने वाजवून दाखवायचा कार्यक्रम) होतं, दादरच्या एका शाळेच्या सभागृहात, ग्रँड, म्हणजे आडव्या पियानोवर. माझ्या वाट्याला दहा मिनिटं. बाखच्या पाचव्या फ्रेंच स्वीटमधलं, म्हणजे नृत्यांच्या मालिकेतलं, आलमांद आणि शूबर्टच्या ओपस ९० या संचातलं तिसरं इम्प्रॉम्प्टू ही छोटी पियानोरचना, जी फ्लॅट मेजर या स्वरपट्टीतली.

सर माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. नोव्हेंबरमध्ये ते म्हणाले, "बाई, मी तुमचं हे दीड वर्ष ऐकतोय. आता मला तुमच्या चुकांची सवय झालीय. एक नवा कान हवा." आणि त्यांनी मिसचा नंबर दिला. मिस नव्या माणसाला त्याच्या शिक्षकामार्फतच घेतात, म्हणून नाव-पत्ता इथे लिहीत नाही. मुंबईत पाश्चात्त्य संगीत शिकवणाऱ्या बऱ्याच जणांना त्या माहीत आहेत. आपल्या सरांना किंवा मिसना विचारा.

त्याआधी ऑक्टोबरमध्ये मी एक प्रयोग करून बघितला होता. एका परदेशी ऑनलाइन सेवेला पैसे भरून फोनवरचा व्हिडिओ पाठवला. आठ दिवसांनी चार ओळी आल्या: सूर सुंदर आहे, पेडल जपून वापरा, लहान-मोठ्या आवाजातला फरक वाढवा. तो फरक वाढवण्यात मी तीन आठवडे घालवले. पुढे मिसकडे कळलं की फोनचा माइक हळू आवाज आपोआप वर उचलतो आणि मोठा आवाज खाली दाबतो. माणसाचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून ती सोय असते, पण पियानोचा त्यात सपाट रस्ता होतो. मी पियानिसिमो (अगदी हळू) वाजवलं काय आणि फोर्टे (मोठ्याने) वाजवलं काय, पलीकडच्या माणसाला ते जवळजवळ सारखंच ऐकू आलं असणार. त्या माणसाला मी दोष देत नाही. पण जे त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं त्याच्यावर अभिप्राय घेऊन मी रियाज बदलला, याचं मला अजून वाईट वाटतं. रेकॉर्डिंग पाठवायचंच असेल तर आवाजाची पातळी हाताने लावून ठेवता येते असं रेकॉर्डर घ्या, आणि ते पियानोच्या पोटाशी न ठेवता खोलीच्या मध्यावर ठेवा.

मिसकडे मंगळवार आणि बुधवार असे दोनच दिवस बाहेरच्यांसाठी असतात. मला मंगळवारी साडेअकराची वेळ मिळाली. डोंबिवलीहून फास्टने दादर, तिथून पूल चढून वेस्टर्नला वांद्रे, मग रिक्षाने हिल रोडच्या आतल्या एका गल्लीत. जुनं घर, लाकडी जिना, दुसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर वीस मिनिटं आधी पोचा, कारण वर जाऊन धाप लागलेल्या अवस्थेत वाजवण्यात अर्थ नाही. बाहेरच्या खोलीत दोन मुलं ग्रेडच्या परीक्षेची स्केल्स (सुरांचे आरोह-अवरोह) मांडीवर बोटांनी वाजवत बसली होती. मुंबईतल्या बहुतेक मुलांना त्रयस्थाचा अभिप्राय मिळतो तो एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या लंडनच्या परीक्षा मंडळांच्या गुणपत्रिकेवर. एबीआरएसएमला दीडशेपैकी शंभर गुण मिळाले की पास, आणि प्रत्येक पीसखाली, म्हणजे वाजवलेल्या रचनेखाली, परीक्षकाच्या दोन-चार ओळी. त्या ओळींना मोल आहेच, पण त्या येतात वाजवून झाल्यावर. आधी सांगणारं कोणी नसतं, आणि मी तर परीक्षेलाही बसत नाही.

मिस साधारण सत्तरीच्या. मूळच्या गोव्यातल्या सासष्टीच्या, चर्चच्या संगीतशाळेत मेस्तांच्या (संगीतशिक्षकांच्या) हाताखाली आधी सोल्फेज, म्हणजे सुरांची नावं घेत गाणं, आणि व्हायोलिन, पियानो नंतर. माझ्याशी मराठीत बोलल्या, मधूनच कोंकणी येत होतं. खोलीत दोन पियानो आहेत, एक उभा आणि एक मध्यम आकाराचा ग्रँड. पावसाळ्यात दमटपणाने पट्ट्या फुगून अडकतात, म्हणून उभ्या पियानोच्या आत त्यांनी एक छोटा दिवा कायमचा लावून ठेवलाय. तो त्यांनी झाकण उघडून दाखवला, नव्या माणसाला घर दाखवावं तसा.

मला वाटलं होतं की बसायचं आणि सुरू करायचं. त्यांनी मला परत बाहेर पाठवलं. "दारातून या. चालत पियानोपर्यंत जा. वाका. मग बसा, स्टूल तुमच्या उंचीला लावा, आणि मी थांबवेपर्यंत थांबू नका." त्या खोलीच्या टोकाला खिडकीपाशी बसल्या, पियानोपासून जितकं लांब बसता येईल तितकं. रेकॉर्डर सुरू. फोनवर व्हिडिओही, पण तो फक्त बघण्यासाठी.

मी दोन्ही पीस वाजवले. बाखमध्ये दुसऱ्या भागात एकदा घसरले आणि पुढे गेले. शूबर्टमध्ये तिसऱ्या ओळीत एक नोट चुकली, मधल्या ई फ्लॅट मायनरच्या वादळात डावा हात दोनदा अडखळला. त्यांनी एकदाही थांबवलं नाही. मला ते फार जड गेलं, कारण आमचे सर चूक झाली की लगेच "हं, परत" म्हणतात आणि त्या "हं"चा मला आधार वाटायला लागला होता.

संपल्यावर पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "तुमका काय ऐकू आलं?" मी चुका मोजायला लागले. त्या म्हणाल्या, "चुका मला पण ऐकू आल्या. मी विचारलं, तुम्हाला काय ऐकू आलं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी रेकॉर्डिंग लावलं.

इथे शूबर्टच्या त्या पीसबद्दल थोडं सांगायला हवं. उजव्या हाताच्या करंगळीकडे आणि अनामिकेकडे संथ गाणं, त्याच हाताच्या उरलेल्या बोटांत सतत वाहणारे, सुटे करून वाजवलेले कॉर्ड (जुळणाऱ्या सुरांचे गट), खाली डाव्या हाताचे खर्ज. हाताच्या सगळ्यात अशक्त बोटांकडे सगळ्यात महत्त्वाचं काम. १८२७ मधली ही रचना शूबर्टच्या हयातीत छापून आली नाही. तो १८२८ मध्ये ३१ व्या वर्षी गेला, आणि हे इम्प्रॉम्प्टू १८५७ मध्ये निघालं तेही प्रकाशकाने जी मेजरमध्ये बदलून, सहा फ्लॅट, म्हणजे कोमल सुरांच्या खुणा, बघून घेणारे घाबरू नयेत म्हणून असावं. माझ्याकडची पहिली जुनी प्रत तशी जी मेजरचीच होती. सरांनी ती काढून घेतली आणि जी फ्लॅटमध्ये पहिल्यापासून शिकवलं; काळ्या पट्ट्यांवर लांब बोटं आपोआप नीट पडतात हे मला तेव्हा कळलं.

रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलं ते असं: पाणी वाहतंय आणि गाणं त्यात बुडतंय. प्रत्येक लांब नोट सुरुवातीला ठीक, आणि पुढची नोट तिच्याशी नातं नसल्यासारखी टपकन पडते. मिसनी कारण सांगितलं, आणि बारा वर्षांत मला हे कोणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून मरत जातो. पेटीसारखा भाता नाही की धरून ठेवता येईल. मी दुसरी नोट पहिलीच्या सुरुवातीच्या जोराएवढी वाजवत होते. तोपर्यंत पहिली निम्म्याहून खाली उतरलेली असते. दुसरी वाजवायची ती पहिली जिथे पोचलीय तिथून. म्हणजे आधी ती मरताना ऐकायला पाहिजे. "शेवट ऐका, मग वाजवा," असं त्या चार-पाच वेळा म्हणाल्या.

मग त्यांनी गायला लावलं. सुरुवातीला एकच सूर पुन्हा पुन्हा येतो. जी फ्लॅट षड्ज धरला तर तो शुद्ध गंधार. मी पेटीच्या सवयीने "ग, ग, ग" गायले, त्या त्यांच्या सोल्फेजमध्ये "सी, सी, सी" गात होत्या, आणि आम्ही दोघी त्या खिडकीपाशी उभ्या राहून शूबर्टची पहिली ओळ दोन भाषांत गायलो. माझा श्वास अर्ध्यातच संपला. तिथे लयीचा दोष सापडला. मी एका बारमध्ये, म्हणजे लिहिलेल्या सुरांच्या एका खान्यात, आठ मात्रा मोजत होते; लिहिलेल्या आहेत चार, मोठ्या. पीसवर आंदान्ते लिहिलंय, चालत जाण्याची लय, आणि मी सुंदर वाटतं म्हणून प्रत्येक पावलावर थांबत होते. चार मोजून वाजवलं तर ओळ एका श्वासात बसली. मेट्रोनोम, ते टकटक करून लय देणारं यंत्र, त्यांनी काढलाही नाही.

करंगळीसाठी एकच व्यायाम दिला. गाणं पूर्ण आवाजात वाजवायचं, आणि मधली वाहती बोटं पट्टीवर फक्त ठेवायची, आवाज न काढता दाबायची. पहिल्या दिवशी एक बार नीट होत नाही. त्यांनी सांगितलं की रोज पहिल्या पानाचं हे दहा मिनिटं, जास्त नाही.

पेडलबद्दल जे झालं ते मला घरच्या डिजिटलवर जन्मात कळलं नसतं. सुरुवात पियानिसिमो आहे म्हणून मी डावं पेडल दाबून ठेवत असे. त्यांच्या ग्रँडवर ते दाबलं आणि माझ्या डोळ्यांसमोर अख्खा कीबोर्ड किंचित उजवीकडे सरकला. मी हात उचलले. ग्रँडमध्ये तसंच असतं: हातोडी बाजूला सरकते आणि वरच्या सुरांच्या तीन तारांपैकी दोनच तारांवर पडते, त्यामुळे आवाज कमी होतो तसा त्याचा रंगही बदलतो. उभ्या पियानोत हातोड्या फक्त तारांच्या जवळ येतात. माझ्या घरी तर तो एक स्विच आहे. मिस म्हणाल्या, अनोळखी ग्रँडवर तो रंग कसा निघेल हे तुम्हाला माहीत नाही, त्यामुळे डावा पाय जमिनीवर. हळू आवाज बोटातून काढा. उजव्या पेडलचा प्रश्न उलटा होता. माझा पाय खर्जाच्या नोटेनंतर जरा उशिरा खाली जायचा, त्यामुळे खर्ज निसटून वरचे कॉर्ड पायाशिवाय उभे राहायचे. डाव्या हाताचे फक्त खर्ज आणि पाय, एवढंच दहा मिनिटं करून घेतलं.

बाखवर मात्र फार वेळ गेला नाही. "आता दुसऱ्या भागापासून सुरू करा." केलं. "आता तिथून चार बार पुढे." जमलं नाही. "फक्त डावा हात, पाठ." दोन बारनंतर थांबले. म्हणजे पीस मला पाठ नव्हता, बोटांना पाठ होता, आणि बोटं घाबरली की सगळं जातं. बारा दिवसांत हे पक्कं होणार नाही असं त्यांनी सरळ सांगितलं आणि पुस्तक समोर ठेवून वाजवायला सांगितलं. मला कमीपणा वाटला, तो त्यांना दिसला असावा. त्या म्हणाल्या, पियानोवादक लिझ्टने १८४० मध्ये लंडनला आपल्या कार्यक्रमांना रिसायटल हे नाव दिलं, त्याच्या तीनच वर्षं आधी क्लारा वीक, पुढची क्लारा शूमन, बर्लिनमध्ये पुस्तकाशिवाय वाजवते म्हणून तिला आगाऊ म्हटलं गेलं होतं. पाठ वाजवणं हा नियम नंतर आला. रशियन पियानोवादक रिख्टर तर उतारवयात अंधाऱ्या सभागृहात एक छोटा दिवा लावून पुस्तकातूनच वाजवायचा. "दिवा पाहिजे तर माझा पियानोतला घेऊन जा," असंही म्हणाल्या.

आणि मग व्हिडिओ. शूबर्टच्या तिसऱ्या ओळीत नोट चुकते, आणि मी मान हलवते. "नाही, नाही" अशी. पुढचे दोन बार माझे खांदे वर आहेत. मधल्या भागात दोनदा तेच. शेवटच्या कॉर्डनंतर हात मांडीवर येण्याआधी पुन्हा तेच. मिस हळू आवाजात म्हणाल्या, "माफी कित्याक मागता? कोणाची?" मी वर्गात फळ्यावर चुकलेल्या मुलीला हेच म्हणत आले आहे, पुसून टाक आणि पुढे चल, इतकी वर्षं. मला बोलता आलं नाही. त्यांनी पाणी आणून दिलं आणि विषय बदलला नाही. "ती चूक एका सेकंदाची. मान हलवलीत की ऐकणारा दहा सेकंद तिथेच राहतो. गाण्यावर अन्याय आहे तो."

निघताना एक कागद दिला. मधोमध रेघ मारून दोन रकाने. डावीकडे वर लिहिलं होतं "बारा दिवस", उजवीकडे "नंतर". डावीकडे चारच ओळी: शेवट ऐका, चार मोजा, पाय खर्जाबरोबर, मान. उजवीकडे आठ ओळी. त्यात मधल्या भागातलं डाव्या हाताचं माझं चुकीचं फिंगरिंग (कुठल्या सुराला कुठलं बोट) होतं. माझा डावा हात का अडखळतो हे त्यांना पहिल्या मिनिटात कळलं होतं. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? "आज बदललं तर त्या दिवशी हाताला जुनंही आठवणार नाही, नवंही नाही. अडखळू द्या. अडखळून पुढे जा." हे सांगायला धीर लागतो. पैसे घेऊन समोरच्याची चूक तशीच ठेवणं आणि ती का ठेवली हे त्याला समजावणं. मला बारा चुकांची यादी मिळाली असती तर मी घरी येऊन बाराही धरल्या असत्या, माझा स्वभाव तसा आहे.

आता व्यवहार. दीड तासाचे अडीच हजार रुपये, गूगल पे चालतं. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. उत्तरं मात्र फक्त रात्री आठनंतर, आणि वेळ ठरवायला मला पाच दिवस लागले. कागदावरचं अक्षर बारीक आहे, तिथेच वाचून घ्या. सगळ्यात मोठी उणीव अशी की पुन्हा ऐकण्याची सोय यात नाही. आठवड्याने पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवून "बरोबर चाललंय का" एवढं विचारता आलं असतं तर फार बरं झालं असतं. "शेवट ऐका" हे मी नीट करतेय की नुसती कल्पना करतेय, या शंकेत माझे तीन-चार दिवस गेले. लांबून येणाऱ्यांसाठी त्यांनी याचा विचार करावा, वेगळी फी घेऊन सुद्धा. आणि तुम्हाला पीस अजून नीट बसला नसेल तर जाऊ नका. मिस पीसच्या नोटा शिकवत नाहीत, ते तुमच्या सरांचं काम. माझ्या मते दोन आठवडे आधी जाणं योग्य. महिनाभर आधी गेलात तर दुसरा रकाना पहिल्यात शिरेल, तीन दिवस आधी गेलात तर पहिलाही उपयोगी पडणार नाही.

रविवारी दादरला स्टूल फार खाली होतं. मी उभं राहून ते वर घेतलं, सावकाश, सभागृह बघत असताना. पुस्तक समोर होतं. बाख बरा गेला. शूबर्टमध्ये तिसऱ्या ओळीत तीच नोट चुकली. मधल्या भागात डावा हात एकदा अडखळला, दुसऱ्यांदा नाही. सरांनी मागून काढलेल्या व्हिडिओत मी पाच वेळा पाहिलं, मान हललेली नाही. सुरुवातीचं गाणं परत येतं तिथे, अगदी तिथेच, मला पहिल्यांदा आधीची नोट विझताना ऐकू आली आणि पुढची तिच्यातून निघाली. चार-पाच बार टिकलं ते. पुढे पुन्हा पाणी वर आलं.

कागद पियानोवर चिकटवलाय. डावीकडच्या रकान्यावर रेघ मारली नाही, उजवीकडचा अजून पूर्ण आहे. जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी साडेअकराची वेळ घेतली आहे, डाव्या हाताच्या फिंगरिंगसाठी.